किनाऱ्यावरच्या महागड्या गाडीचे वॉर्निंग मेसेज: आधी व्होल्टेज, मग स्कॅनर

मर्सिडीज असो, बीएमडब्ल्यू असो, ऑडी, व्हॉल्वो नाहीतर लँड रोव्हर. एका चाकाचा स्पीड सेन्सर गेला की स्क्रीनवर पाच-सहा मेसेज रांगेनं येतात. एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, हिल असिस्ट उपलब्ध नाही, क्रूझ कंट्रोल उपलब्ध नाही, पार्किंग ब्रेक तपासा. मालकाला वाटतं, गाडी संपली. प्रत्यक्षात चाकांचा वेग मोजतं ते एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आणि तो आकडा ते कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावर टाकतं. बाकीची मॉड्यूल्स त्याच आकड्यावर चालतात. आकडा चुकीचा आला किंवा आलाच नाही, की प्रत्येक जण आपलं काम थांबवतो आणि आपला वेगळा मेसेज टाकतो. तक्रारी पाच, आजारी एकच.

या पाचांतली मूळ तक्रार कोणती, हे शोधायचं. आणि कोकणाच्या किनारपट्टीवर तिचं कारण बहुतेक वेळा महागड्या मॉड्यूलमध्ये नसतंच. उतरलेली बॅटरी, गंजलेलं अर्थिंग (निगेटिव्ह वायर बॉडीला किंवा इंजिनाला जोडलेली जागा), कार्पेटखाली मुरलेलं पाणी, या तीन गोष्टी आधी बघायच्या. तिन्ही घरच्या खळ्यात, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि आपले हात वापरून तपासता येतात. मोठ्या ब्रँडचं वर्कशॉप गाठायचं म्हणजे गोवा, घाट चढून कोल्हापूर-पुणे, नाहीतर थेट मुंबई. म्हणून निघण्यापूर्वी इथेच जेवढं कळून घेता येईल तेवढं घ्यावं.

रस्त्यात मेसेज आला तर

आधी रंग बघा. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे सांभाळून घरी जा, पण हा नियम जसाच्या तसा लावू नका.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करायचं. पुढचा पेट्रोल पंप दोन किलोमीटरवर आहे हा विचारसुद्धा करायचा नाही. कूलंटचं तापमान लाल झालं तरी तेच, आणि गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडायचं नाही. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही. एसी, ब्लोअर, सीटचे हीटर-कूलर बंद केले तर बॅटरीवर थोडं अंतर कापता येतं, पण तापमानाचा काटा चढत असेल तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटलेला असू शकतो आणि काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. तेव्हा तिथेच थांबा.

पिवळ्यांत दोन फसवे आहेत. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश जाता येतं. तो लुकलुकत असेल तर सिलिंडर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय. अशा गाडीनं आंबा किंवा कुंभार्ली घाट चढू नये. दुसरा एबीएसचा. एकटा पिवळा एबीएस लागला तर साधा ब्रेक शाबूत असतो, फक्त ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात. उतारावर पॅडल शिफ्टनं गिअर खाली ठेवून उतरा. पण एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची विभागणी करणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होण्याचा धोका असतो. घाटात ती गाडी चालवायची नाही, फ्लॅटबेडवर (चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवर) न्यायची.

गाडी सुरक्षित जागी उभी केल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी मेसेजचे फोटो काढा, एकेक करून सगळे. सोबत किलोमीटरचा आकडा, वेळ, पाऊस होता का, वेग किती, ब्रेक मारताना आला की वळताना, हे लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत ‘सर्व्हिस’ किंवा ‘व्हेइकल स्टेटस’ मेनूत जुने मेसेज पुन्हा बघता येतात. सगळ्यांत पहिला कोणता आला, ही माहिती मेकॅनिकला स्कॅनरवर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, दिसणाऱ्या पन्नास कोडांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बॅटरी: निम्मे मेसेज इथे संपतात

मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्या गावी दोन-तीन महिने उभ्या असतात आणि गणपतीला एकदम सुरू केल्या जातात. त्या दिवशी येणारे मेसेज खरे मानूच नयेत. व्होल्टेज पडलं की स्टिअरिंगची मोटर, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, कॅमेरा, सगळे बिघाडाचा कोड साठवतात. बिघाड कुणातच नसतो.

या गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली असेलच असं नाही. अनेक बीएमडब्ल्यू आणि ऑडींत ती डिकीच्या मजल्याखाली किंवा बाजूच्या कप्प्यात असते, काही मॉडेल्समध्ये पुढच्या सीटपाशी. बॉनेटखाली दिसतात ते फक्त जंप स्टार्टचे पॉइंट. पहिलं रीडिंग मात्र बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच घ्या, क्लॅम्पवर नाही.

बॅटरी ज्या कप्प्यात आहे तो उघडून ठेवा, गाडी लॉक करा, किल्ली घरात लांब ठेवा आणि तासभर थांबा. मोठ्या गाडीतली मॉड्यूल्स झोपी जायला अर्धा ते एक तास घेतात; त्याआधीचं रीडिंग फसवतं. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत बहुधा एजीएम बॅटरी (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत मुरवलेली) असते. ती पूर्ण भरलेली असेल तर १२.८ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. १२.४ च्या खाली आली तर चार्ज करा. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर स्कॅनर बाजूला ठेवा, आधी चार्जर लावा.

मग मीटर मिनिमम-मॅक्सिममवर ठेवून कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. क्रँकिंगच्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा मध्ये कुठेतरी जोड खराब आहे. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.८ अपेक्षित आहे. इथे एक मेख आहे: नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर कॉम्प्युटरचा ताबा असतो आणि बॅटरी भरलेली असली तर तो मुद्दाम कमी चार्ज करतो. १२.७ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर फुल करा. आकडा वर चढला तर अल्टरनेटर ठीक आहे.

चार्जर लावताना निगेटिव्ह क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर लावू नये. तिथे बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. क्लिप थेट खुंटावर लावली तर भरलेला चार्ज त्याच्या हिशेबात येत नाही आणि बॅटरी भरूनही मेसेज राहतो. बॉडीवर दिलेला अर्थ पॉइंट वापरा. चार्जरवर एजीएमचा मोड हवा. जुन्या बॅटरीवाल्याकडचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर या बॅटरीला लावू नये. रात्रभर चार्ज करा, स्कॅनचा रिपोर्ट जपून ठेवून मग कोड उडवा (पुसून टाका), गाडी दहा किलोमीटर फिरवा. जे परत येतील तेवढ्यांचाच विचार करायचा.

बॅटरी बदलावी लागली तर एजीएमच्या जागी एजीएमच, तेवढ्याच अँपिअर-अवरची. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि आणखी काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवावी लागते. ती नोंद नसेल तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून त्याच पद्धतीनं चार्ज करत राहते. काही गाड्यांत दुसरी छोटी बॅटरीही असते आणि तिचा मेसेज वेगळा येतो. मोठी बदलूनही तो गेला नाही तर चकित होऊ नका.

उभी गाडी वारंवार उतरत असेल तर गुपचूप करंट खाणारं काहीतरी आहे. पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर जोडायची जुनी पद्धत इथे चालत नाही, कारण वायर काढून जोडली की सगळी मॉड्यूल्स जागी होतात. मिलिअँपिअर मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर वापरा. गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत करंट हवा. आणि एक घरगुती कारण आधी तपासा: किल्ली पडवीत खुंटीला टांगलेली आणि गाडी खळ्यात चार पावलांवर. काही कीलेस गाड्या किल्लीच्या सिग्नलमुळे पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

खारी हवा आणि अर्थिंग

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै, जिथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे तिथे हवेतलं मीठ गाडीच्या प्रत्येक उघड्या जोडावर बसतं. पावसाळ्यातल्या दमटपणात ते ओलं राहतं आणि तांब्यावर हिरवं, अल्युमिनिअमवर पांढरं कीट धरतं. व्होल्टेज १२.८ असूनही मॉड्यूलपर्यंत ११ च पोचतं, आणि स्कॅनरवर दिसतो लो व्होल्टेजचा कोड. ते मॉड्यूल बदलून काही होत नाही.

अर्थ तपासायला ओहम मोजू नका. एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा शून्य ओहम दाखवते. करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतं ते बघा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर इंजिनाची अर्थ पट्टी काढून बघायलाच हवी. तसंच मॉड्यूलच्या अर्थ वायरवर, ते मॉड्यूल चालू असताना, ०.१ च्या आत हवं. बॅटरीचा खुंट आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यामध्येही मोजून बघा. बिघाड तिथेच सापडतो बऱ्याचदा.

सफाईला बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बोल्ट सोडून लगचा (वायरच्या टोकाच्या कडीचा) आणि बॉडीचा स्पर्श होणारा भाग बारीक पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीसचा थर द्या. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर असं करू नका. कपलरच्या आतल्या पिनांना मात्र पॉलिश पेपर लावायचा नाही, त्यांच्यावरचा मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा गंज. तिथे इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, वाळू द्या, रबरी सील जागेवर आहे ना बघा. आणि कुणालाही वायरच्या आवरणात सुई टोचून टेस्ट लॅम्प लावू देऊ नका. घाटावरच्या कोरड्या हवेत ते भोक बरीच वर्षं चालेल. इथे त्या भोकातून शिरलेली खारी हवा दोन पावसाळ्यांत वायर आतून हिरवी करते. वायर तुटलेलीच असेल तर क्रिंप करून आत डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी, नुसती काळी टेप नाही.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीनं ये-जा असेल तर घरी आल्यावर गाडीचा खालचा भाग विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवा. पाइपचं साधं पाणी पुरे. प्रेशर वॉशर बॉनेटखाली घालायचा नाही. मेसेज येण्याचं ते एक खात्रीचं कारण आहे. फेरीबोटीवर गाडी लॉक करून खाली उतरायचं असेल तर मेनूतून टिल्ट अलार्म बंद करा, नाहीतर लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला गाडी चोर आला म्हणून ओरडेल.

पाणी कुठून येतं

सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीत पातेरा कुजून त्या बुजतात, पाणी छताच्या कापडाआडून खांबात उतरतं आणि पायाखालच्या कार्पेटच्या जाड फोममध्ये मुरतं. वरून कार्पेट कोरडं दिसतं. फोम मुठीत दाबून बघा, किंवा खाली वर्तमानपत्र सरकवून रात्रभर ठेवा. याच मजल्यावर, सीटखाली आणि डिकीच्या खड्ड्यात अनेक गाड्यांची मॉड्यूल्स आणि ॲम्प्लिफायर असतात.

सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात फुलपात्रभर पाणी हळू ओता. पुढच्या नळ्यांचं पाणी पुढच्या चाकांच्या मागे, मागच्यांचं मागच्या चाकांच्या आसपास खाली पडायला हवं. पडलं नाही तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वरून घालून मोकळं करा. कंप्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या आत सांध्यातून निसटली तर छत उतरवावं लागतं. पुढच्या काचेखालची वायपरची जाळीही तशीच. तिथला पातेरा जूनच्या आधी हातानं काढून टाका, नाहीतर एसी ब्लोअरच्या वाटेनं पाणी आत येतं.

उंदीर-घुशींचं काम ओळखायला इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उचला. लेंड्या, कुरतडलेलं फोम, नारळाच्या शेंड्या दिसल्या की स्कॅन करण्याआधी सगळं वायरिंग टॉर्चनं बघून घ्या.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर हे सगळं दुप्पट लक्ष देऊन बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, महाडही बुडालं. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, सीट बदलून विकता येते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, आणि सीटखालच्या कपलरवर लाल मातीचं पूड. अशा गाडीचे मेसेज एक मिटवला की दुसरा येतो. घेऊ नका.

आता स्कॅनर

स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर जोडायचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. दोनशे-चारशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल फक्त इंजिनाचे सार्वजनिक कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन, कॅमेरा यांतलं त्याला बहुधा काही दिसत नाही, आणि तो ‘नो फॉल्ट’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मला दिसलं तेवढ्यात नाही’ असा घ्यायचा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूला बिमरलिंक, नाहीतर गॅरेजमधले ऑटेल-लाँचसारखे सर्व ब्रँडचे स्कॅनर निदानाला पुरेसे असतात. नव्या मॉड्यूलच्या प्रोग्रॅमिंगला मात्र बहुधा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं: मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस, व्हॉल्वोला विडा.

स्कॅनर चालूच होत नसेल तर सॉकेटच्या १६ नंबर पिनवर १२ व्होल्ट आणि ४-५ वर अर्थ आहे का बघा. अनेक गाड्यांत हा फ्यूज १२ व्होल्टच्या चार्जर सॉकेटचाच असतो आणि तो स्वस्त मोबाइल चार्जरनं उडालेला असतो.

बॅटरीला चार्जर जोडून ठेवा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. इंजिनाचं एकटं नाही, सगळ्या मॉड्यूल्सचं स्कॅन करा आणि तो रिपोर्ट तसाच जपून ठेवा. कोड उडवायची घाई नको. कोडबरोबर साठलेली माहिती, म्हणजे त्या क्षणीचा वेग, तापमान, व्होल्टेज, किलोमीटर, हीच तुमची साक्ष असते. कोड उडवला की तीही जाते. सगळे कोड किलोमीटरच्या क्रमानं लावा. सगळ्यांत कमी किलोमीटरवर पडलेला आणि ‘आत्ता हजर’ असं दाखवणारा कोड मूळ असण्याची शक्यता सर्वाधिक.

पीनं सुरू होणारा कोड इंजिन-गिअरबॉक्सचा, सी चासीचा, बी बॉडीचा, यू जाळ्यावरच्या संपर्काचा. यूवाल्यांत तक्रार करणारं मॉड्यूल बहुधा निर्दोष असतं, ज्याच्याशी संपर्क तुटला ते नाव महत्त्वाचं. यू ०१२१ म्हणजे ‘एबीएस मॉड्यूल बोलत नाही’. दहा मॉड्यूल्सनी तेच म्हटलं तर एबीएसचा फ्यूज, अर्थ आणि कपलर बघायचा. उलट एका मॉड्यूलला कुणाचाच आवाज येत नसेल तर त्याच्याच वायरी तपासा. पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, हा यादीत असला तर वरचा बॅटरीचा भाग पुन्हा वाचा.

सगळंच जाळं बंद असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास योग्य, कारण जाळ्याच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गाडीतली वेगवेगळी जाळी जोडणारं गेटवे मॉड्यूल असतं, म्हणून हे माप फक्त सॉकेट ते गेटवे एवढ्याच भागाचं, हे ध्यानात ठेवा.

नेहमी सापडणारे बिघाड

चाकाचा स्पीड सेन्सर. दोन वायरींचा हा सेन्सर नव्या गाड्यांत करंटनं बोलतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये उघडझाप करत. त्याचा ओहम मोजण्यात अर्थ नाही. स्कॅनरवर चारही चाकांचा लाइव्ह वेग लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरनं चालवायला सांगा. तीन चाकं २० आणि एक शून्य, तर वायर किंवा सेन्सर. एक चाक नीट चालून ५-१० च्या खाली आल्यावर अचानक शून्य झालं, तर सेन्सर आणि बेअरिंगवरची चुंबकीय रिंग यांतलं अंतर वाढलंय: सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगून तो वर उचलला जातो. सेन्सर हलक्या हातानं काढा, बैठक घासा, रिंगवर चिकटलेली लोखंडाची पूड कापडानं पुसा. नवा सेन्सर घेण्यापूर्वी डावा-उजवा आपसांत बदलून बघा, दोन्हीचा पार्ट नंबर एकच असेल तर. बिघाड सेन्सरबरोबर दुसऱ्या चाकाला गेला तर सेन्सर. जागेवर राहिला तर वायरिंग किंवा रिंग.

एअर सस्पेन्शन. सकाळी एक कोपरा बसलेला आणि गाडी सुरू केल्यावर वर येते, तर त्या बाजूचा बलून किंवा जोड गळतोय. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. ही गळती चालवत राहिलात तर कंप्रेसर सतत पळून जळतो. कंप्रेसर बदलाल तेव्हा रिलेही बदला. हवा कोरडी करणारी त्यातली ड्रायरची गोळी आपल्या दमट हवेत लवकर ओली होते आणि पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं; तीही त्याच वेळी. चाकाजवळच्या उंचीच्या सेन्सरची दांडी सांध्यात गंजून अडकली तरी हाच मेसेज येतो, आणि ते काम अगदी स्वस्त. जॅक मोड चालू केल्याशिवाय आणि खाली स्टँड लावल्याशिवाय या गाडीखाली जाऊ नये.

रडार आणि कॅमेरा. ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ हा मेसेज मुसळधार पावसात किंवा बंपरवर लाल चिखल बसल्यावर येतो. तो बिघाड नव्हे. पुसा, गाडी बंद करून सुरू करा. पण काच बदलली असेल, झावळ पडून म्हणा किंवा दगड लागून, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतंच. त्याला सपाट फरशी आणि ठरावीक अंतरावर फलक हवा, नाहीतर लेनचे पट्टे स्पष्ट असलेला लांब रस्ता. घाटात ते होत नाही.

डिझेल गाड्या. बाजार, शाळा, परत घर, एवढंच फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो. सुरुवातीचा पिवळा मेसेज असेल तर मुंबई-गोवा महामार्गावर मोकळ्या टप्प्यात ताशी ६० च्या वर सलग १५-२० मिनिटं चालवा, म्हणजे साठलेली काजळी जळते (रिजनरेशन). गाडी मध्येच बंद करू नका. हे रिजनरेशन बऱ्याच वेळा अर्धवट राहिलं असेल तर ऑइलची पातळी बघा. ती वाढली असेल तर त्यात डिझेल उतरलंय, ऑइल बदला. स्कॅनरनं बळजबरीचं रिजनरेशन करताना गाडी वाळल्या गवतावर किंवा पातेऱ्यावर उभी नको. एक्झॉस्ट कित्येक शे अंशांवर जातो. ॲडब्ल्यूचा (डिझेलचा धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) काउंटडाउन मेसेज दुर्लक्षित करू नका, शून्यावर गाडी सुरू होत नाही. ३२.५ टक्के युरियाचं हे पाणी ३५ अंशांच्या उन्हात साधारण सहा महिने टिकतं, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर पडलेला कॅन ओतू नका.

नारिंगी केबल दिसली तर तिथे हात लावायचा नाही. हायब्रिड-इलेक्ट्रिकचं ते हाय व्होल्टेज, आणि त्याचा मेसेज प्रशिक्षित माणसालाच बघू द्यावा. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडची वेगळी बॅटरी साध्या चार्जरनं चार्ज होत नाही, जंपही देता येत नाही.

वर्कशॉपला नेताना

पहिला स्कॅन रिपोर्ट, मेसेजचे फोटो आणि बॅटरीची रीडिंग घेऊन जा. ‘मॉड्यूल बदला’ असं सांगितलं तर विचारा: त्या मॉड्यूलवर सप्लाय आणि अर्थ लोड देऊन मोजला का, किती आला? उत्तर आकड्यात यायला हवं. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या कुणाला वायर कापू देऊ नका.

मॉड्यूलचं प्रोग्रॅमिंग गावातल्या गॅरेजमध्ये करायचं असेल तर दोनच गोष्टी बघा. स्थिर १३.५ ते १४ व्होल्ट देणारा, निदान ५० अँपिअरचा सप्लाय आहे का, आणि तो इन्व्हर्टरवर आहे का. अर्ध्या फाइलवर लाईट गेली की ते मॉड्यूल पेपरवेट झालं समजा. श्रावणातल्या वादळी दुपारी हे काम काढूच नये.

टो करायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा, विशेषतः ऑल-व्हील ड्राइव्हला. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

काम झाल्यावर कोड उडवून लगेच पैसे देऊन निघू नका. वर्कशॉपच्या आसपास वीस-एक किलोमीटर चालवा, थोडा चढ, थोडे जोरात ब्रेक, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, आणि पुन्हा सगळ्या मॉड्यूल्सचं स्कॅन घ्या. बिघाड पावसातच येत असेल तर चाकांवर आणि बॉनेटच्या कडांवर पाइपनं पाणी मारून मग चालवा. घरी पोचल्यावर बॉनेट किंवा बॅटरीचा कप्पा उघडा ठेवून गाडी लॉक करा, तासाभरानं व्होल्टेज मोजा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी जंप पॉइंटवर किंवा बॅटरीवर व्होल्टेज मोजा. काल रात्रीपेक्षा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त उतरलं असेल तर एखादं मॉड्यूल अजून झोपत नसावं, आणि ते केलेल्या कामाची वॉरंटी चालू असतानाच कळवावं.